दूरस्थ कामाच्या व्हिसासाठी आरोग्य विम्याचा पुरावा : खानदेशातून अर्ज करणाऱ्यांसाठी

केळीचा पीकविमा उतरवणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही: हप्ता भरला म्हणजे काम झाले, असे नसते. सातबाऱ्यावरचे, आधारवरचे आणि बँकेच्या पासबुकावरचे नाव जुळले नाही, तर विमा असूनही भरपाई अडकून राहते. अशाच घरात वाढूनही दूरस्थ कामाच्या व्हिसासाठी, म्हणजे एका देशात राहून इंटरनेटवरून दुसऱ्या देशातील कंपनीचे काम करण्याच्या परवानगीसाठी, आरोग्य विमा काढताना मी हे साफ विसरलो. माझ्याकडे विमा होता, त्याची रक्कम भरपूर होती आणि हप्ताही वेळेत भरलेला होता. तरीही जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून सकाळी खिडकीवर फाईल दिली, तेव्हा तो कागद दोन मिनिटांत परत आला, कारण तो प्रवास विमा होता आणि मागितलेला होता तो निवासासाठीचा आरोग्य विमा. दुसऱ्या खेपेला विमा योग्य होता, पण प्रमाणपत्रावरचे नाव पासपोर्टशी जुळत नव्हते. तिसऱ्या खेपेला काम झाले. तुमच्या पहिल्या दोन खेपा वाचाव्यात, एवढ्यासाठी हे सारे क्रमाने लिहीत आहे.

लेखात मुख्य उदाहरण स्पेनचे घेतले आहे, कारण मी त्याच वाटेने गेलो आणि विम्याच्या अटीही तेथे बऱ्याच कडक आहेत. इतर देशांचा उल्लेख जेथे फरक पडतो तेथे केला आहे.

सुरुवातीलाच हाताशी ठेवायच्या गोष्टी

- पासपोर्ट. त्याची मुदत पुढच्या वर्ष-दीड वर्षात संपत असेल, तर आधी नूतनीकरण करून घ्यावे. नव्या पासपोर्टचा क्रमांक नवा असतो, आणि विम्याचे प्रमाणपत्र जुन्या क्रमांकावर निघाले असेल तर ते बदलून घ्यावे लागते.
- पॅन कार्ड, आणि परदेशी व्यवहारासाठी सुरू केलेले डेबिट किंवा क्रेडिट कार्ड.
- चालू औषधांची यादी, जुन्या शस्त्रक्रियांची डिस्चार्ज कार्डे आणि मधुमेह किंवा रक्तदाब असल्यास अलीकडचे तपासणी अहवाल.
- सोबत येणाऱ्या पती, पत्नी आणि मुलांचे पासपोर्ट. पुरावा प्रत्येकाचा लागतो.
- परदेशातील पत्ता. तो पक्का नसेल तर निदान शहर तरी ठरलेले असावे, कारण विम्याचा हप्ता आणि रुग्णालयांची यादी काही वेळा त्यावर अवलंबून असते.

१. आधी देश, मग विमा

आपल्याकडे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. ओळखीचा एजंट असतो, तो "परदेशाचा विमा आहे ना, करून देतो" म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत पॉलिसी ईमेलवर येते. माझेही तसेच झाले. यात त्या एजंटची लबाडी नव्हती. पर्यटनासाठी युरोपात जाणाऱ्यांना तो वर्षानुवर्षे हाच विमा देत आला होता आणि त्यांचे व्हिसा होत होते. अडचण अशी आहे की दूरस्थ कामाचा व्हिसा एकाच नावाने ओळखला जात असला, तरी विम्याबाबत प्रत्येक देशाचे म्हणणे वेगळे आहे.

शेंगेन देशांच्या, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या, अल्पमुदतीच्या, म्हणजे ९० दिवसांपर्यंतच्या व्हिसासाठी २००९ च्या व्हिसा संहितेनुसार किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. आजारपणामुळे मायदेशी परत आणण्याचा खर्च, तातडीचे उपचार, रुग्णालयातील आपत्कालीन उपचार आणि मृत्यू या गोष्टी त्यात यायला हव्यात. आपल्याकडील एजंटांच्या डोक्यात बसलेला आकडा तो हाच. एस्टोनियाने १ ऑगस्ट २०२० पासून डिजिटल नोमॅड व्हिसा सुरू केला, त्यालाही ३०,००० युरोचीच अट आहे, फक्त मुदत संपूर्ण मुक्कामाची हवी. पोर्तुगालचा २०२२ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला डी-८ व्हिसा सुरुवातीला चार महिन्यांचा असतो आणि निवास परवाना तेथे गेल्यावर मिळतो, त्यामुळे अर्जाच्या वेळी वैद्यकीय खर्च आणि मायदेशी परतणे यांचा समावेश असलेला प्रवास विमा चालतो. क्रोएशियाला त्या देशाच्या हद्दीत लागू असलेला विमा दाखवावा लागतो, तर दुबईच्या दूरस्थ कामाच्या योजनेसाठी संयुक्त अरब अमिरातीत लागू असलेला.

स्पेनची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथील दूरस्थ कामाचा व्हिसा डिसेंबर २०२२ च्या २८ क्रमांकाच्या कायद्याने आला, आणि त्यासाठी स्पेनमध्ये व्यवसाय करण्याची परवानगी असलेल्या विमा कंपनीचाच सार्वजनिक किंवा खासगी आरोग्य विमा लागतो. त्या देशाची सरकारी आरोग्य व्यवस्था जे जे उपचार देते, ते सर्व या विम्यात यायला हवेत. प्रवास विमा कितीही मोठ्या रकमेचा असला तरी तो येथे उपयोगाचा नाही, कारण तो मुख्यतः अचानक उद्भवलेल्या आजारपणासाठी असतो. नियमित तपासणी, तज्ज्ञ डॉक्टरांची भेट किंवा दीर्घकाळ चालणारा उपचार त्यात बसत नाही. भारतातला मेडिक्लेम तर साधारणतः भारतातल्याच रुग्णालयांपुरता असतो.

२. अटींची यादी मूळ शब्दांत वाचा

महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी स्पेनचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, एस्टोनियाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. आपला अर्ज कोणाच्या कक्षेत येतो हे आधी पाहावे आणि त्याच कार्यालयाच्या संकेतस्थळावरील यादी वाचावी. दुसऱ्या शहरातील कार्यालयाची यादी वाचून तयारी करू नये. एकाच देशाच्या दोन कार्यालयांत भाषांतर, प्रती किंवा कागदांची मांडणी यांबाबत अपेक्षा वेगळ्या असू शकतात. अर्जाच्या आठवड्यात ती यादी पुन्हा एकदा उघडावी.

विम्याविषयीचे वाक्य जसेच्या तसे एका कागदावर उतरवून घ्या. पुढचे सारे काम म्हणजे त्या वाक्यातील प्रत्येक शब्दासाठी प्रमाणपत्रावर एक शब्द मिळवणे आहे. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला तुमची पॉलिसी ऐंशी पानांची आहे की आठ, याच्याशी देणेघेणे नसते. त्याच्या हातात यादी असते आणि समोर एक पान असते.

३. विमा कंपनी पारखून घ्या

स्पेनमध्ये विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारे सरकारी संचालनालय आहे आणि अधिकृत कंपन्यांची नोंदवही त्याच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. सानितास, आदेस्लास, आसिसा, डीकेव्ही ही तेथील खासगी आरोग्य विम्यातील परिचित नावे आहेत. भटकंती करत काम करणाऱ्यांसाठी म्हणून इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या मासिक पॉलिसी दिसायला आकर्षक आणि स्वस्त असतात, पण त्यामागची विमा कंपनी त्या नोंदवहीत आहे का, हे तपासल्याशिवाय पैसे भरू नयेत. विकणारी संस्था आणि जोखीम घेणारी विमा कंपनी वेगवेगळ्या असू शकतात. नोंदवहीत शोधायचे ते दुसरीचे नाव.

मग पॉलिसीचा प्रकार पाहावा. स्पॅनिश कागदांवर दोन शब्दप्रयोग शोधा: "सिन कोपागोस" आणि "सिन कारेन्सियास". पहिल्याचा अर्थ असा की प्रत्येक भेटीला तुम्हाला खिशातून वेगळा हिस्सा द्यावा लागणार नाही. आपल्याकडे ज्याला को-पेमेंट म्हणतात, ते नाही. दुसऱ्याचा अर्थ प्रतीक्षा कालावधी नाही, म्हणजे पहिल्या दिवसापासून सर्व उपचारांना विमा लागू. तेथील साध्या पॉलिसींत प्रसूती आणि काही शस्त्रक्रियांसाठी काही महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी असतो, आणि तशी पॉलिसी स्वस्त दिसते म्हणून घेतली तर अर्ज अडतो. निवास परवान्यासाठीची पॉलिसी म्हणून वेगळा प्रकार बऱ्याच कंपन्या देतात. चौकशीच्या पहिल्याच ईमेलमध्ये "दूरस्थ कामाच्या व्हिसासाठी" असे स्पष्ट लिहावे, म्हणजे निम्मा पत्रव्यवहार वाचतो.

भारतातून प्रवास विमा चालणाऱ्या देशाकडे निघाला असाल, तर तीन गोष्टींकडे लक्ष द्या. अट युरोत असते आणि आपल्याकडील पॉलिसी बहुधा डॉलरमध्ये असतात, म्हणून आकडा सारखा दिसतो यावर न जाता ५०,००० डॉलर किंवा त्याहून मोठी योजना घ्यावी. अनेक प्रवास पॉलिसींची एका प्रवासाची कमाल मुदत १८० दिवस असते, तेव्हा वर्षाच्या व्हिसाला ती अपुरी पडते. आणि प्रवास विमा भारतातून निघण्यापूर्वीच काढावा लागतो.

४. आरोग्य प्रश्नावली

येथे आपली माणसे हमखास घसरतात. प्रश्नावलीत मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, जुनी शस्त्रक्रिया, चालू गोळ्या यांविषयी विचारलेले असते, आणि "एक गोळी तर चालू आहे, तेवढी कशाला लिहायची" असे घरातले कोणीतरी म्हणतेच. लिहावी. स्पेनच्या १९८० च्या विमा करार कायद्यानुसार विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे ही विमा घेणाऱ्याची जबाबदारी आहे, आणि जाणूनबुजून लपवल्याचे सिद्ध झाले तर कंपनी भरपाईतून मोकळी होऊ शकते.

खरे लिहिल्यावर तीन गोष्टी घडू शकतात: कंपनी तशीच पॉलिसी देते, तो आजार वगळून देते, किंवा नकार देते. आजार वगळल्याचा उल्लेख प्रमाणपत्रावर आला तर पुरावा कमकुवत होतो, म्हणून अशा वेळी दोन-तीन कंपन्यांकडे एकाच वेळी अर्ज करणे शहाणपणाचे ठरते. माझ्या पत्नीच्या थायरॉइडच्या गोळीबद्दल एका कंपनीने पंधरा दिवस प्रश्न विचारले, दुसरीने डॉक्टरांचे एक पत्र मागितले आणि पॉलिसी दिली. ते पत्र इंग्रजीत, डॉक्टरांच्या नोंदणी क्रमांकासह आणि शिक्क्यासह घ्यावे. आपल्याकडे चिठ्ठीवर चार ओळी खरडून देण्याची पद्धत आहे, ती येथे चालत नाही.

५. हप्ता भरणे

स्पॅनिश कंपन्या मासिक हप्ता युरोपातील बँक खात्यातून आपोआप वळता करून घेतात, आणि तुमच्याकडे तसे खाते अजून नसते. म्हणून पहिल्या वर्षाचा संपूर्ण हप्ता एकरकमी कार्डाने किंवा बँकेमार्फत भरावा लागतो. तशीही वर्षाची पावती अर्जात जास्त भक्कम दिसते.

कार्डाने भरताना ते परदेशी व्यवहारांसाठी सुरू आहे का, हे बँकेच्या ॲपमध्ये पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या सूचनेपासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठीच सुरू करून दिली जातात आणि बाकीची सोय आपल्याला चालू करावी लागते. मर्यादाही तेथेच वाढवता येते. रुपे कार्ड परदेशी संकेतस्थळावर चालेलच असे नाही, तेव्हा दुसरे कार्ड तयार ठेवावे.

बँकेमार्फत पाठवणार असाल, तर तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचे काम होईलच असे गृहीत धरू नका. आधी फोन करून विचारा आणि गरज पडल्यास जळगाव, धुळे किंवा नाशिकच्या शाखेत जा. पॅन आणि ए-२ नावाचा अर्ज लागतो. ही रक्कम उदारीकृत प्रेषण योजनेतील, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतील, वार्षिक २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत मोजली जाते, त्यामुळे रकमेची अडचण येत नाही. अडचण येते ती शुल्काची. मधल्या बँका आपला वाटा कापून घेतात आणि विमा कंपनीला दहा-वीस युरो कमी पोहोचतात, मग पॉलिसी सुरूच होत नाही. अर्जावर "सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे" हा पर्याय निवडावा आणि पैसे पाठवल्याची स्विफ्ट प्रत मागून घ्यावी.

पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारा: व्हिसा नाकारला गेला तर हप्ता परत मिळेल का, आणि त्यासाठी कोणता कागद द्यावा लागेल? या उत्तराचा ईमेल जपून ठेवा.

६. प्रमाणपत्र वाचणे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या. पॉलिसीचे पुस्तक, हप्त्याची पावती आणि विम्याचे प्रमाणपत्र या तीन वेगळ्या वस्तू आहेत. अर्जात मुख्य काम प्रमाणपत्राचे असते, आणि ते मागितल्याशिवाय कंपनी बहुधा देत नाही.

नावापासून सुरुवात करू. भारतीय पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि उरलेले नाव दुसऱ्या ओळीत असते. महाराष्ट्रात त्या दुसऱ्या ओळीत बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते. स्पॅनिश माणसाला मात्र दोन आडनावे असतात, एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे. म्हणून तेथील अर्जात नाव, पहिले आडनाव आणि दुसरे आडनाव असे तीन रकाने असतात. आपल्याला तीन शब्दांच्या नावाची सवय, समोर तीन रकाने. हात आपोआप चालतो. मी पहिल्यात स्वतःचे, दुसऱ्यात वडिलांचे आणि तिसऱ्यात आडनाव लिहिले. प्रमाणपत्रावर माझ्या वडिलांचे नाव हेच माझे आडनाव होऊन बसले, आणि दुसरी खेप त्यात गेली. योग्य पद्धत अशी की पासपोर्टवर आडनावाखेरीजच्या नावाच्या ओळीत जे जे आहे ते सर्व नावाच्या रकान्यात, आडनाव पहिल्या आडनावाच्या रकान्यात आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा. संगणक तो रिकामा ठेवू देत नसेल, तर कंपनीला ईमेल करून विचारावे. मनाने काही भरू नये. लग्नानंतर आधारवर नाव बदलले पण पासपोर्टवर नाही, अशा भगिनींनी केवळ पासपोर्टप्रमाणे चालावे.

नावानंतर हे तपासा:

- पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख.
- विमा सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख. विमा प्रवासाच्या तारखेपूर्वी किंवा त्याच दिवशी सुरू व्हावा. काही कंपन्या पॉलिसी महिन्याच्या १ तारखेपासूनच सुरू करतात, तेव्हा विमानाचे तिकीट त्या हिशोबाने ठरवावे.
- को-पेमेंट नाही, प्रतीक्षा कालावधी नाही, विमा संपूर्ण स्पेनमध्ये लागू आहे आणि सरकारी आरोग्य व्यवस्थेइतके सर्व उपचार त्यात येतात, ही वाक्ये प्रमाणपत्रावरच आहेत का. पुस्तकात आतल्या पानावर असून उपयोग नाही.
- मायदेशी परत आणण्याचा खर्च. स्पॅनिशमध्ये हा शब्द "रेपाट्रियासिऑन" असा आहे. तुमच्या यादीत तो असेल, तर प्रमाणपत्रावर हवाच.
- कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, शक्यतो प्रत्येकासाठी वेगळे प्रमाणपत्र.
- कंपनीची सही, शिक्का आणि प्रमाणपत्र दिल्याची तारीख. जुनी तारीख टाळावी.

चूक निघाली तर दुरुस्तीसाठी पासपोर्टच्या पानाचा फोटो आणि चुकीच्या ओळीवर खूण केलेले प्रमाणपत्र एकाच ईमेलमध्ये पाठवा. ऑगस्टमध्ये स्पेनमधील बरीच कार्यालये सुट्टीच्या मूडमध्ये असतात, आणि आपल्याकडे दिवाळीत जसे "दिवाळीनंतर बघू" असते, तसेच उत्तर तेथून येते. मुंबईची अपॉइंटमेंट सप्टेंबरची असेल, तर प्रमाणपत्र जुलैतच हातात घ्यावे.

७. फाईल लावणे

प्रमाणपत्र स्पॅनिशमध्ये असेल तर स्पेनच्या अर्जासाठी भाषांतर लागत नाही. दुसऱ्या भाषेतील वैद्यकीय किंवा विम्याचे कागद जोडणे भाग असेल, तर त्या देशाने मान्यता दिलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच भाषांतर करून घ्यावे. जळगावच्या कोर्टाबाहेरचे नोटरी केलेले भाषांतर येथे उपयोगी पडत नाही. प्रमाणपत्र वर, त्याखाली हप्त्याची पावती आणि त्याखाली पॉलिसीची मुख्य पाने, असा क्रम मी ठेवला आणि यादीतील विम्याचे वाक्य छापून सर्वांत वर लावले. प्रत्येक कागदाची एक झेरॉक्स वेगळी ठेवावी. छपाई घरूनच करून न्यावी, कारण मुंबईत सकाळी नऊ वाजता पेनड्राइव्ह घेऊन दुकान शोधत फिरण्याचा अनुभव मी घेतलेला आहे.

प्रवासाबद्दल एवढेच: जळगाव-भुसावळकरांना मुंबईच्या रात्रीच्या गाड्या सोयीच्या आहेत, नंदुरबारकरांना सुरतमार्गे जावे लागते, पण अपॉइंटमेंट सकाळची असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळीच मुंबईत पोहोचावे.

८. व्हिसा मिळाल्यानंतर

भारतातला मेडिक्लेम घाईने बंद करू नका. तो खंडित झाला की आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी, जो २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो, परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. आई-वडील त्याच पॉलिसीत असतील तर हा विचार आणखी महत्त्वाचा आहे.

स्पेनमध्ये परदेशी नागरिकाचा ओळख क्रमांक मिळाल्यावर तो विमा कंपनीला कळवावा आणि प्रमाणपत्र नव्या क्रमांकावर करून घ्यावे. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तेच मागितले जाते. पॉलिसी वर्ष संपले की आपोआप पुढे चालू राहते. कंपनी बदलायची असेल, किंवा नोकरीमार्फत तेथील सामाजिक सुरक्षेत नाव लागले असेल आणि खासगी विमा नको असेल, तर पॉलिसी संपण्याच्या किमान एक महिना आधी लेखी कळवावे लागते. ती तारीख मी पहिल्याच आठवड्यात भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवली.